कायोटी ‘ओ’ देतात, पण येत नाहीत

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट समजलाय की नाही ते तुम्हालाही कळेल. ऑस्टिनच्या पश्चिमेला तुमची २० एकर जागा आहे, ४० शेळ्या आहेत, आणि या फेब्रुवारीत दोन करडं गेली. रोज रात्री ‘पंचवीसेक तरी’ कायोटी, म्हणजे लांडग्याच्या कुळातली कोल्ह्यासारखी दिसणारी इथली जनावरं, ओरडतात. तुम्ही इलेक्ट्रॉनिक कॉलर, म्हणजे आवाज वाजवून जनावराला जवळ बोलावणारा स्पीकर, आणला आणि सलग तीन रात्री सशाचं किंचाळणं वाजवलं, मधूनमधून कायोटीचा आवाजही लावला. तिन्ही रात्री समोरून उत्तर आलं, जनावर मात्र एकही आलं नाही. म्हणून तुम्ही विचारताय, की कोणता आवाज लावू?

मी मूळचा माण तालुक्यातला, शिक्षणानं पशुवैद्य. गेली १९ वर्षं टेक्ससमध्ये एडवर्ड्स पठारावर शेळ्या पाळतोय. आजूबाजूच्या तीन-चार रँचवर करडं जायला लागली की मला बोलावणं येतं, आणि रात्री असे आवाज लावून (यालाच ‘कॉल’ करणं म्हणतात) कायोटी समोर आणायचं काम माझ्याकडे असतं. त्या अनुभवावरून सांगतो, कोणता आवाज लावायचा हा प्रश्न बराच नंतरचा. आधी ठरवायला हवं, की ओरडतंय कोण, करडं मारली कोणी, आणि तुमच्या जागेत रात्री गोळी झाडणं मुळात शक्य आहे का.

काही गोष्टी मला इथून सांगता येणार नाहीत. तुमच्या जागेचा चढउतार, वारा कुठून येतो, शेजाऱ्यांकडे राखणीचे कुत्रे आहेत का, तुमच्याआधी त्या भागात कोणी कॉल करून गोळ्या झाडल्यात का, यावर बरंच अवलंबून आहे. तेव्हा मी ‘असं करा’ म्हणेन तिथं ते तुमच्या जागेवर ताडून घ्या.

आधी त्या पंचवीसांचं बघू. ते पंचवीस नाहीत. बहुतेक दोन असतील, फार तर पाच. कायोटीचा सामूहिक ओरडा हा फसवा प्रकार आहे. प्रत्येक जनावर सेकंदा-दोन सेकंदांत पट्टी बदलतं, लांब सुरातून तुटक क्याँव-क्याँववर उडी मारतं, पुन्हा वर जातं. त्यात टेकडीवरून प्रतिध्वनी येतो, आणि रात्री जमिनीलगतची हवा थंड झाल्यामुळे आवाज लांबवर पोचतो. आपला कान प्रत्येक नवी पट्टी म्हणजे नवं जनावर धरून चालतो. गावाकडे कोल्हेकुई ऐकून ‘ओढ्यात कोल्ह्यांची फौज आहे’ म्हणायचे, तसंच हे.

मोजायचं असेल तर सुरुवात ऐका. ओरडा बहुतेक वेळा एकाच्या लांब हाळीनं सुरू होतो, दोन-तीन सेकंदांनी दुसरा सूर मिळतो, मग गलका. गलका सुरू झाला की मोजणी संपली. मी फोनवर ध्वनिमुद्रण करतो आणि पहिली २० सेकंदं परत परत ऐकतो. एकदा एका रँचवाल्यानं मला ‘किमान डझनभर’ म्हणून बोलावलं होतं. सलग चार रात्री मुद्रण ऐकलं तेव्हा प्रत्येक वेळी दोनच आवाज सुरुवात करत होते, एक जाडसर आणि एक थोडा फाटका. पुढे थर्मलमधूनही, म्हणजे अंगाची उष्णता दाखवणाऱ्या दुर्बिणीतूनही, तेच दोघे दिसले.

कायोटीचं शास्त्रीय नाव कॅनिस लॅट्रान्स, म्हणजे भुंकणारा कुत्रा. निसर्गअभ्यासक थॉमस से (Say) यांनी १८२३ मध्ये ते दिलं आणि ते चपखल आहे, कारण या जनावराइतकं बोलणारं सस्तन शिकारी इकडे दुसरं नाही. संशोधक फिलिप लेहनर यांनी १९७८ मध्ये त्याच्या आवाजांचे ११ प्रकार मांडले. गुरगुरणं, फुसफुसणं, भुंकणं, कण्हणं, एकट्याची हाळी, गटाचा ओरडा, भेटीच्या वेळचं गाणं असे. शेळ्या राखणाऱ्याला ते सगळे पाठ असायची गरज नाही, पण तीन ओळखता यायलाच हवेत.

पहिला म्हणजे एकट्याची हाळी. लांब, सरळ चढत जाणारी, शेवटी जराशी उतरणारी. ‘मी इथे आहे, तू कुठे आहेस?’ असा तिचा अर्थ मी लावतो. दुसरा गटाचा ओरडा, ज्याला तुम्ही पंचवीस समजताय. तो हद्दीचा पुकारा आहे. तिसरा सगळ्यात महत्त्वाचा. कडक भुंकणं, भुंकणं, आणि त्यालाच जोडून ओढलेली हाळी. हा इशारा आहे. त्याला काहीतरी खटकलंय, आणि बहुतेक वेळा ते ‘काहीतरी’ म्हणजे आपणच असतो.

तो आवाज जवळून ऐकला की विसरता येत नाही. पहिल्या वर्षी मी एका सीडरच्या झुडपाला पाठ लावून बसलो होतो, स्पीकर समोर, नजर समोर. मागून, असेल ६० पावलांवर, एकदम ते भुंकणं सुरू झालं. मानेवरचे केस उभे राहिले. वळून बघितलं तर काही नाही, फक्त ते भुंकणं हळूहळू बाजूला सरकत होतं. त्यानं पूर्ण फेरा घालून माझा वास घेतला होता आणि आता सगळ्या खोऱ्याला सांगत होतं. मी तरी आणखी अर्धा तास स्पीकर वाजवत बसलो. ती चूक मी पुन्हा केली नाही. हा आवाज आला की सामान उचलायचं आणि त्या बाजूला निदान तीन-चार आठवडे कॉल लावायचा नाही.

आता तुमच्या तीन रात्री. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या लमार खोऱ्यात एरिक गीज आणि रॉबर्ट रफ या संशोधकांनी कायोटींचं ओरडणं बराच काळ टिपलं, तो अभ्यास १९९८ मध्ये आला. त्यातून दिसतं, की ओरडतात ते मुख्यतः हद्द असलेले, आणि त्यातही सगळ्यात जास्त गटाची प्रमुख जोडी. हद्द नसलेले भटके जवळजवळ गप्प असतात. हे मला माझ्या कुंपणावरून रोज दिसतं. म्हणजे तुम्हाला ‘ओ’ देणारे हे त्या जागेचे मालक आहेत. त्यात हा फेब्रुवारी, त्यांचा जोडी जमायचा आणि हद्द राखायचा काळ. तुमच्या स्पीकरमधून एक परका कायोटी बोलला. त्यांनी जागच्या जागी उठून ‘इथं आम्ही आहोत’ सांगितलं. त्यांच्या दृष्टीनं विषय संपला. यायची गरज काय?

हेच कायोटी अँब्युलन्सच्या भोंग्याला आणि मालगाडीच्या शिट्टीलाही ओ देतात, पण म्हणून रुळावर येत नाहीत. ओ देणं वेगळं आणि येणं वेगळं, हे एकदा डोक्यात बसलं की पुष्कळ गोष्टी सोप्या होतात. माझ्या हिशेबात ओ मिळाली म्हणजे मला त्यांचा पत्ता मिळाला, एवढंच. त्या रात्री मी पुढे काही करत नाही. दुसऱ्या दिवशी नकाशावर खूण करतो आणि वारा बघून जवळ कुठून जाता येईल ते ठरवतो. हद्दीच्या काठावरून बोलावलं तर ते बसल्या जागी उत्तर देतात. त्यांच्या रोजच्या वावराच्या आत, ४००-५०० मीटरवर गुपचूप जाऊन बसलं तर गोष्ट वेगळी.

दुसरी अडचण तुम्हीच लिहिली आहे. सलग तीन रात्री, त्याच जागेवरून, तोच ससा. आणि तुमच्या वर्णनावरून आवाजही पूर्ण वाढवलेला होता. ससा इतक्या जोरात ओरडत नाही, आणि रोज रात्री नऊ वाजता त्याच खडकामागे मरत नाही. कायोटी एवढं नक्की जोडतो. एक रात्र फसलेला कॉल म्हणजे त्या जोडीला दिलेला एक धडा, असंच मी धरून चालतो. तुम्ही तीन दिलेत. आता तिथं महिनाभर काहीही वाजवू नका.

मी स्वतः कसं करतो ते सांगतो. गाडी अर्धा-पाऊण किलोमीटर आधीच सोडतो, दार लोटून घेतो, आपटत नाही. बसल्यावर दहा मिनिटं काहीच नाही, नुसतं ऐकणं. स्पीकर माझ्यापासून चाळीसेक पावलांवर, वाऱ्याला आडवा, बाजूला ठेवतो. कारण कायोटी आवाजाकडे सरळ क्वचितच येतो. तो गोल फिरून वारा स्पीकरकडून त्याच्याकडे वाहील अशा जागी जातो, आवाजाला नाकानं दुजोरा मिळाल्याशिवाय त्याचा विश्वास बसत नाही. म्हणून वारा जिकडे वाहतो ती बाजू मोकळी आणि नजरेच्या टप्प्यात हवी. माझा वास पोचण्याआधी तो तिथं उघड्यावर आला पाहिजे. ती बाजू झाडीनं भरलेली असेल तर मी बसतच नाही, घरी येतो. वारा अजिबात नसेल तेव्हाही बसत नाही, कारण मग वास कुठे जातोय ते कळत नाही.

आवाज अगदी बारीक सुरू करतो. उंदराची चूं-चूं, एवढीशी. शांत रात्री कायोटीला ती आपल्या कल्पनेपेक्षा लांबून ऐकू येते, आणि जवळच कोणी असेल तर ते दचकत नाही. अर्धा-एक मिनिट आवाज, मग त्याच्या दुप्पट शांतता. सशाचा आवाज नंतर. एकूण वीस-पंचवीस मिनिटं. रात्री ते सावकाश येतात, पुष्कळदा शेवटच्या पाच मिनिटांत. तोंडानं वाजवायचा साधा पत्तीचा कॉल जमत असेल तर माझ्या मते तो मशीनपेक्षा सरस, कारण दोन वेळा तोच आवाज निघत नाही. मात्र हात हलतात, ती अडचण आहेच.

कायोटीचा आवाज मी फार कमी वापरतो. फेब्रुवारीत एखादी हाळी, तीही एकदाच. दमदाटीचा, भांडणाचा आवाज नवख्यानं वापरूच नये. तरुण आणि भटके त्यानं पळून जातात, कारण मालकांकडून मार खाल्लेला असतो. एप्रिल-मेपासून पिल्लांच्या रडण्याचा आवाज जबरदस्त चालतो, आई-बाप दोघंही धावत येतात. तो मी वापरत नाही. बिळात पिल्लं असताना आई मारली तर ती उपाशी मरतात. माझी करडं डोळ्यांदेखत जात असतील आणि दुसरा उपाय उरला नसेल, तरच त्या काळात बंदूक हातात घेतो. आजवर दोनदा घ्यावी लागली, आणि दोन्ही वेळा मला त्याचं वाईट वाटलं.

आता करडांचं. दोन करडं ‘गेली’ म्हणता, पण मेलेली सापडली का? सापडली असतील तर मानेची कातडी सोलून बघितली का? हातमोजे घाला आणि जबड्याच्या मागे, गळ्याजवळ कातडी सोलून आतली बाजू बघा. कायोटी बहुधा तिथंच धरतो. सुळ्यांची भोकं आणि भोवती काळंनिळं साकळलेलं रक्त दिसलं तर जनावर जिवंत असताना धरलं होतं. भोकं आहेत पण रक्त साकळलेलं नाही, तर ते आधीच मेलेलं होतं आणि नंतर कोणीतरी खाल्लं. मागच्या मांड्या, कान, कुशी सगळीकडे फाडलेलं, खाल्लेलं मात्र थोडंच, हे पुष्कळदा मोकाट किंवा शेजारच्या पाळीव कुत्र्यांचं काम असतं. मला बोलावलेल्या ठिकाणी कायोटीच्या नावावर लावलेली बरीच करडं मुळात अशक्त जन्मून थंडीत गेलेली होती.

हे का महत्त्वाचं? कारण कॉलला सगळ्यात सहज येतो तो ऑक्टोबर ते डिसेंबरात घर सोडून निघालेला तरुण कायोटी. अननुभवी, भुकेला, सशाच्या आवाजावर सरळ धावत येणारा. त्याला मारलं की माणसाला वाटतं काम झालं. पण कॅलिफोर्नियाच्या हॉपलंड संशोधन केंद्रात कायोटींना रेडिओ पट्टे लावून पाहिलं, तेव्हा मेंढ्या मारणारे मुख्यतः पिल्लं घालणाऱ्या, हद्द असलेल्या जोड्यांपैकी निघाले, ज्यांच्या हद्दीत मेंढ्या चरत होत्या. म्हणजे सहज येणारा बहुतेक निर्दोष, आणि दोषी असेल तर तो ओ देऊन जागेवर बसणारा. याची दुसरी बाजूही आहे. तुमच्या हद्दीतली जोडी शेळ्यांना हात लावत नसेल तर ती तुमची फुकटची राखण आहे, कारण ती दुसऱ्या कायोटीला टिकू देत नाही. ती मारली की जागा मोकळी, आणि पुढचे येतील ते कसे असतील ते तुम्हाला माहीत नाही.

‘सगळेच मारले तर?’ असंही तुम्ही शेवटी लिहिलंय. गाय (Guy) कॉनली आणि विल्यम लाँगहर्स्ट या संशोधकांनी १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात हे गणित मांडलं होतं. दरवर्षी ७५ टक्के कायोटी मारत राहिलात, तर त्यांच्या आकडेमोडीनुसार संपायला ५० वर्षं लागतील. संख्या घटली की उरलेल्यांना पिल्लं जास्त होतात आणि जास्त जगतात. वीस एकरांवरून हे होणार नाही.

वीस एकर म्हणजे किती ते जरा डोळ्यांसमोर आणा. चौरस धरला तर एक बाजू २८५ मीटरसुद्धा भरत नाही. रायफलची गोळी चुकली तर किलोमीटरच्या हिशेबात जाते. जनावराच्या मागे मातीचा चढ दिसत नसेल तर घोडा ओढायचा नाही, रात्री तर मुळीच नाही. टेक्ससमध्ये शेजाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय गोळी त्याच्या हद्दीवरून गेली तर तो गुन्हा आहे. शिकार परवाना, सवलती आणि रात्रीच्या दिव्यांचे नियम राज्याच्या वन्यजीव विभागाकडून आणि काउंटीकडून यंदाचे काय आहेत ते विचारून घ्या. दुसऱ्या राज्यातल्या मित्राचं ऐकून जाऊ नका, प्रत्येक राज्य वेगळं आहे. आणि तुम्ही एच-१बी वर आहात असं लिहिलंय म्हणून मुद्दाम सांगतो. त्या प्रकारच्या व्हिसावर बंदूक बाळगायला केंद्रीय कायद्यानं मनाई आहे, वैध शिकार परवाना हा तिथला एक अपवाद आहे. मित्राची रायफल ‘फक्त धरायला’ घेण्याआधीसुद्धा हे वकिलाकडून पक्कं करा. एका रात्रीसाठी इथलं सगळं बसवलेलं घालवू नका.

ओळख पटवणं हा तर माझ्यासाठी जिवाचा प्रश्न आहे. दुसऱ्या वर्षी, असाच फेब्रुवारी, वारा वाहतो त्या बाजूनं थर्मलमध्ये एक जनावर चालत आलं. उंची बरोबर, चाल जरा जड. बोट घोड्यावर गेलं होतं. पण चेहरा आणि पाय पांढरेशुभ्र चमकत होते आणि अंग मात्र राखाडी, थंड दिसत होतं. कायोटी असा दिसत नाही. मी थांबलो. ते वळलं तेव्हा शेपूट पाठीवर गोल वळलेली दिसली. शेजाऱ्याचा ग्रेट पायरनीज होता, शेळ्यांचा राखण्या. त्याच्या दाट लोकरीतून उष्णता बाहेर येत नाही, म्हणून अंग थंड दिसतं. कायोटीची शेपूट चालताना-पळताना खालीच असते. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. तेव्हापासून मी कॉल लावण्याआधी दोन्हीकडच्या शेजाऱ्यांना फोन करून कुत्रे कुठे आहेत ते विचारतो. नुसत्या चमकणाऱ्या डोळ्यांवर तर कधीच गोळी झाडायची नाही, डोळे हरणाचेही चमकतात आणि वासराचेही. नॉर्थ कॅरोलायनात लाल लांडगे राहतात त्या पाच काउंटींमध्ये रात्रीची कायोटी शिकार २०१४ मध्ये याच कारणानं बंद झाली, अंधारात दोघांमधला फरक कळत नाही.

हे सगळं धरून तुमच्यासाठी माझा सल्ला असा. या हंगामात कॉलर बाजूला ठेवा. करडं आणि व्यालेल्या शेळ्या सूर्यास्ताआधी घराजवळच्या वाडग्यात घ्या. वाडग्याला जाळी, जाळीच्या बाहेरून जमिनीपासून वीतभर उंचीवर विजेची एक तार, आणि वर एक. कायोटी उडी मारण्याआधी खालून शिरायचा प्रयत्न करतो. वार पडलेली असेल तर रात्र व्हायच्या आत उचला, त्या वासावर सगळे येतात. चाळीस शेळ्यांना राखणीचा एक चांगला कुत्रा पुरतो, पण पिल्लू आणलंत तर ते जबाबदारी घ्यायला दोन वर्षं लागतात, हे धरून चला. एवढं करूनही करडू गेलं आणि गळ्यावर खुणा दिसल्या, तर मग टेक्सस वाइल्डलाइफ सर्व्हिसेसला फोन करा. ही माणसं शासकीय आहेत आणि याच कामाची आहेत.

एक गोष्ट गावाकडच्यांसाठी. तुमच्या प्रश्नाखाली कोणीतरी लिहिलंय, की ‘आमच्याकडे कोल्ह्यांवर हेच करून बघतो’. कृपा करून करू नका. कोल्हा सुद्धा वाजवलेल्या आवाजाला ओ देतो, हे खरं. पण भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला संरक्षण आहे, आणि आवाज लावून त्याला बंदुकीसमोर आणणं ही सरळसरळ शिकार आहे.

तुम्ही मला तीन गोष्टी कळवा. सगळ्यात जवळचं घर किती अंतरावर आणि कोणत्या दिशेला. आणखी करडू गेलं तर सोललेल्या मानेचा फोटो. आणि तीन रात्री ओसरीवर बसून केलेलं ध्वनिमुद्रण, वेळ आणि दिशा लिहून. फोनवर केलेलं चालेल. फक्त गलका सुरू झाल्यावर बटण दाबू नका, अंधार पडला की चालूच ठेवा, मला त्या पहिल्या २० सेकंदांतली हाळी हवी आहे.